व्याकरणकार दादोबा पांडुरंग

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशी शब्दांच्या आठ जातींची नावे शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असतात. ती म्हणताना फार थोड्यांच्या मनात असा प्रश्न येतो की, ही व्यवस्था मराठीत कोणी रूढ केली. आपण बोलतो त्या भाषेलाही नियम असतात, आणि ते शोधून काढून मुलांच्या हाती देता येतात, असा विश्वास बाळगून हे काम तरुणपणीच हाती घेणारे गृहस्थ म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर होत. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव केला जातो. परंतु या कामाची प्रेरणा त्यांना एका परक्या भाषेच्या अभ्यासातून मिळाली, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या चरित्राचे मर्म कळत नाही.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळील तर्खड गावचे; म्हणून त्यांना तर्खडकर हे आडनाव मिळाले. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे नाव यशोदा. घरची वृत्ती धार्मिक असून जुन्या मराठी कवींच्या काव्यांची आवड दादोबांना लहानपणीच लागली. त्यांचे दोन्ही धाकटे बंधूही पुढे नावारूपास आले. भास्कर पांडुरंग यांनी इंग्रजी राज्याच्या अन्यायावर निर्भयपणे लेखन केले, आणि डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले.

दादोबा चार वर्षांचे असताना पेशवाई संपली आणि इंग्रजांचा अंमल महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर बसला. त्या काळच्या मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे. जमिनीवर धूळपाटी पसरावी, तिच्यावर अक्षरे गिरवावीत, पाढे व पावकी-निमकी घोकावी आणि मोडी लिपीत पत्र लिहिता आले की विद्या पुरी झाली असे समजावे, अशी रीत होती. मराठी ही घरात बोलण्याची भाषा. तिचे व्याकरण कशाला शिकायचे, असेच सर्वांना वाटे. व्याकरण म्हणजे संस्कृताचे, आणि ते शास्त्रीपंडितांनी करावे, असा समज होता.

पंतोजींच्या शाळेतून दादोबा मुंबईच्या इंग्रजी शाळेत गेले. तेथे त्यांच्यापुढे एक नवीच भाषा उभी राहिली. मराठी मुलाला इंग्रजी शिकताना पहिली अडचण येते ती शब्दांची नव्हे, तर वाक्याच्या घडणीची. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येऊन बसते. आपण झाडावर म्हणतो, तेव्हा वर हा शब्द झाडाच्या पुढे जोडतो. इंग्रज मात्र ऑन हा शब्द आधी उच्चारतो आणि झाडाचे नाव मागून सांगतो. मराठीत नदी ती, डोंगर तो आणि झाड ते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना असे लिंगभेद नाहीत, त्या सर्वांना इट हे एकच सर्वनाम पुरते. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी बोर खाल्ले, अशी तीन रूपे मराठी मूल सहज बोलते. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एट हे एकच रूप चालते. शब्दांचे अर्थ कितीही घोकले, तरी हे भेद ओळखल्यावाचून शुद्ध वाक्य तयार होत नाही.

हे भेद उलगडून दाखविण्याचे साधन म्हणजे व्याकरण. लिंडली मरे या विद्वानाचे इंग्रजी व्याकरण इंग्लंडात १७९५ साली प्रसिद्ध झाले होते आणि पुढे अनेक वर्षे ते शाळांतून चालत असे. त्यात शब्दांच्या जाती सांगितल्या होत्या आणि नियमांमागून उदाहरणे दिली होती. परंतु ते लिहिले होते इंग्रजी मुलांसाठी. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्याला त्या नियमांची ओळख पटण्यास वेळ लागत नाही. मराठी मुलाला मात्र नियमही परका आणि ज्या भाषेतून तो सांगायचा तीही परकी. नाम म्हणजे काय, क्रियापद म्हणजे काय, हे त्याला स्वतःच्या भाषेत कधी कोणी सांगितलेलेच नव्हते. मग परक्या भाषेतील क्रियापद त्याने ओळखावे तरी कसे?

दादोबांच्या बुद्धीची थोरवी येथे दिसून येते. इंग्रजीच्या नियमबद्ध मांडणीने ते प्रभावित झाले, पण त्यामुळे त्यांना आपली भाषा हलकी वाटली नाही. इंग्रजीला नियम आहेत, तर मराठीलाही असलेच पाहिजेत. ते कोणी एकत्र मांडले नाहीत, एवढीच उणीव आहे, हे त्यांनी ओळखले. मराठीचे व्याकरण लिहिण्याचे प्रयत्न त्यापूर्वी झाले होते. विल्यम केरी या मिशनऱ्याचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले. परंतु ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी होते. महाराष्ट्रातील मुलांनी आपलीच भाषा समजून घ्यावी, यासाठी मराठीतून लिहिलेल्या व्याकरणाची आवश्यकता होती. ते काम दादोबांनी अंगावर घेतले. १८३६ साली त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

या ग्रंथाचा आराखडा त्यांनी इंग्रजी व्याकरणावरून घेतला आणि परिभाषेसाठी संस्कृताचा आधार घेतला. शब्दांच्या आठ जाती इंग्रजीच्या धर्तीवर आल्या. विभक्ती, समास, संधी ही प्रकरणे संस्कृताच्या परंपरेतून आली. परंतु जेथे दोन्हींचे माप मराठीला बसत नव्हते, तेथे खरी कसोटी होती. इंग्रजीत शब्दाच्या आधी येणारी अव्यये मराठीत शब्दाला मागून जोडली जातात. त्यांचा शब्दयोगी अव्यये म्हणून निराळा विचार करावा लागतो. वाक्यातील क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे बदलते, कधी कर्माप्रमाणे बदलते, तर कधी दोहोंपासून अलिप्त राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांचा हा विचार मरेच्या पुस्तकातून उचलून घेण्यासारखा नव्हता. तेथे माणसे प्रत्यक्ष कशी बोलतात, याकडेच कान द्यावा लागतो.

पुढे दादोबांनी आपले आयुष्य बरीच वर्षे अध्यापनात घालविले. काही काळ ते माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक होते. नंतर त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केले आणि तेथून ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. प्रकाशे येथे ज्या तापीच्या काठी यात्रेकरू स्नान करतात, तीच तापी नंदुरबार जिल्ह्यातून पुढे वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या तापीकाठच्या सुरतेत गुजराती बोलणाऱ्या मुलांना हे मराठी शिक्षक इंग्रजी शिकवीत होते. ज्याने तीन भाषांची घडण जवळून पाहिली, त्याला प्रत्येक भाषेची चाल निराळी असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

सुरतेत त्यांचा स्नेह दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी जडला. १८४४ साली या मंडळींनी मानवधर्मसभा स्थापन केली. ईश्वर एक आहे, सर्व मनुष्ये समान आहेत आणि भूतपिशाच व जादूटोणा यांवर विश्वास ठेवणे व्यर्थ आहे, अशी तिची शिकवण होती. दादोबा मुंबईस परत आल्यावर तेथे परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडणे हा तिचा मुख्य हेतू होता. परंतु समाजाच्या भीतीने तिचे कार्य गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर पडली आणि सभा विसकटली. भाषेतील नियम शोधणे सोपे, पण समाजातील अन्याय्य नियम मोडणे किती कठीण असते, याचा अनुभव दादोबांना असा आला.

बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली अकाली निवर्तले. शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यानंतर दादोबांकडे आले. शिक्षकाला स्वतःलाच भाषेचे नियम उमगले नाहीत, तर तो मुलांना काय उमगविणार? म्हणून शिक्षकाच्या शिक्षणात व्याकरणाला मोठे महत्त्व असते. १८४८ साली मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद दादोबांना देण्यात आले.

१८५२ साली त्यांनी शिक्षणखाते सोडले आणि ते अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. १८५७ च्या धामधुमीत त्या भागातील भिल्लांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. ते बंड मोडण्याच्या कामी दादोबांनी सरकारला साहाय्य केले आणि त्याबद्दल त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. त्याच सुमारास खानदेशात व सातपुड्याच्या परिसरात खाज्या नाईक व भीमा नाईक हे वीर इंग्रजांशी झुंजत होते. आज हे झगडे स्वातंत्र्याच्या लढ्याचा भाग म्हणून आदराने स्मरले जातात. सर्व मनुष्ये समान मानणारा हा विद्वान त्या प्रसंगी परक्या सत्तेच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. थोर पुरुषांचे गुण घ्यावेत. पण त्यांच्या मर्यादाही डोळसपणे पाहाव्यात.

सरकारी चाकरीतही व्याकरणाचा ध्यास सुटला नाही. १८५० साली त्यांच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि १८५७ साली तिसरी. लहान मुलांना मोठा ग्रंथ जड जातो, हे जाणून त्यांनी १८६५ साली मराठी लघुव्याकरण लिहिले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी विस्तृत टीका लिहिली आणि तिला आईवडिलांच्या नावावरून यशोदा-पांडुरंगी असे नाव दिले. त्यांच्या व्याकरणावर आक्षेपही घेण्यात आले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठी शालापत्रकातून निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांची कठोर तपासणी केली. दादोबांचा अभ्यास मात्र थांबला नाही. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाला पूरणिका जोडली. म्हणजे तारुण्यात आरंभिलेले काम ते पंचेचाळीस वर्षे करीत होते. त्यानंतर एका वर्षाने, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी पुढे १९४७ साली प्रसिद्ध केले. त्या काळच्या शिक्षणाचे चित्र त्यात पाहावयास मिळते.

दादोबांनंतर मोरो केशव दामले यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहून हा विचार पुष्कळ पुढे नेला. दादोबांची काही मते मागे पडली. परंतु त्यांनी घालून दिलेली वाट बुजली नाही.

नंदुरबार, शहादे, तळोदे, अक्कलकुवे, धडगाव, नवापूर या भागांतील कित्येक मुलांच्या घरी अहिराणी, भिली, पावरी, मावची किंवा गुजरी बोलली जाते. शाळेत त्यांना मराठी शिकावी लागते, आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजीही आली आहे. अशा मुलाला व्याकरण हे घोकण्याचे ओझे वाटले, तर तो दोन्ही भाषांना भिईल. पण आपण घरी क्रियापद कोठे ठेवतो, मराठीत ते कोठे येते आणि इंग्रजीत कोठे जाते, एवढे जर त्याने स्वतः ताडून पाहिले, तर व्याकरण त्याच्या हातातील दिवा होईल. नियम आधी पाठ करून भाषा येत नाही. पण भाषा ऐकून, बोलून व वाचून झाल्यावर नियम कळला, म्हणजे चूक कोठे होते ते दिसू लागते. परकी भाषा शिकताना दादोबांची दृष्टी आपल्या भाषेकडे वळली, आणि त्यामुळे दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांना वाट मिळाली. आपल्या बोलीची लाज न बाळगता तिचे नियम शोधणारा विद्यार्थी त्याच वाटेने चालत असतो.