घरातला धर्मसंवाद

नाशिकहून त्र्यंबकेश्वरी जाणारा रस्ता सातपूरवरून जातो. आज त्याच्या दुतर्फा कारखाने उभे आहेत. पण पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या आजही याच वाटेने टाळमृदंगाच्या गजरात जातात. एकीकडे त्र्यंबकची शास्त्रपरंपरा आणि दुसरीकडे वारकऱ्यांचा भक्तिमार्ग, या दोहोंच्या सान्निध्यात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तरीही या दोहोंपैकी कशाशीही नाते तोडले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र आज आठवावे ते यासाठी.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगावचा. आईच्या मृत्यूनंतर बालवयातच ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी १८८० साली त्यांच्या घरात आली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांचा स्वभाव मुळातच अस्वस्थ. एका गावी, एका नोकरीत ते फार काळ रमले नाहीत. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला सावरील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीत नव्हता.

१८९३ साली शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली. त्याच सुमारास नागपूरकडून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका अपरिचित युरोपीय प्रवाशाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. परिषदेची कीर्ती जगभर झाली; डब्यातल्या त्या संभाषणाची नोंद घ्यायला कोणी नव्हते. पण त्यानंतर वाचन, पत्रव्यवहार आणि आंतरिक झगडा यांत दोन वर्षे गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची खरी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पती जिवंत असून संसार मोडला, आप्तेष्टांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले आणि लोकांचे बोल ऐकावे लागले. हा ताटातुटीचा काळ काही वर्षांचा होता. टिळकांच्या थोरवीचे वर्णन करताना हे दुःख झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे परतल्या, त्या मात्र आपले सोवळे-ओवळे आणि आपले देव घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदले. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या निश्चयाने. धर्मसंवादाची याहून कठीण परीक्षा कोणत्याही व्यासपीठावर होत नाही.

याच घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. त्यांनी धर्म बदलावा अशी अट त्या मायेला नव्हती. फुले, पाखरे, मुले यांवर कविता करणाऱ्या या दोघांना निसर्ग हे असे अंगण लाभले होते, की ज्याला कोणत्याही पंथाचे कुंपण नव्हते.

टिळकांचा दुसरा झगडा स्वधर्मीयांशी होता. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग रचले, कीर्तने केली आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले. ते अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी सिद्धीस नेले. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करतानाही देशाभिमान आणि ख्रिस्तभक्ती यांत त्यांना विरोध दिसला नाही. त्यामुळे कित्येक हिंदूंना ते परके वाटले, तर काही मिशनऱ्यांना ते फारच देशी वाटले.

अखेर १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोघेही या बंधुसंघात येऊ शकत. ज्या संस्कारासाठी त्यांनी स्वतःचे घरदार पणाला लावले होते, त्यालाच त्यांनी दाराबाहेरची अट होऊ दिले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

संस्था मोडली म्हणून तिच्यामागचा विचार खोटा ठरत नाही. धर्माधर्मांतील संवाद म्हणजे मतभेद पुसून टाकणे नव्हे. टिळकांची श्रद्धा ठाम होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. तरीही शेजाऱ्याची भाषा त्यांनी आपली मानली, मतभेद असलेल्या पत्नीला वेळ दिला आणि दाराशी आलेल्याला अट घातली नाही. शाळेत, कचेरीत आणि चाळीत परधर्मीयांबरोबर रोजचे आयुष्य काढणाऱ्या सामान्य माणसाला परिषदांच्या ठरावांपेक्षा याच तीन गोष्टींचा उपयोग अधिक आहे.