नवरा ख्रिस्ती झाला, लक्ष्मीबाई टिळकांचं जग कोसळलं. मग त्या पुन्हा उभ्या कशा राहिल्या?

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा जिल्ह्यातून जाते. १८९३ च्या सुमारास याच मार्गावरून एक तरुण मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावला निघाला होता. डब्यात त्याची एका परदेशी मिशनऱ्याशी ओळख झाली. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. निरोप घेताना मिशनऱ्यानं त्याला बायबलमधला नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. भाकीत खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांसाठी ही अनेक वर्षांच्या शोधाची अखेर होती. पण त्यांच्या पत्नीसाठी ते संकट होतं. ती बातमी आली आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या पायाखालची जमीनच सरकली.

आज लक्ष्मीबाई म्हटलं की ‘स्मृतिचित्रे’ हे मिश्कील, दिलखुलास आत्मचरित्र आठवतं. स्वतःवर हसणारी ही बाई एकेकाळी दुःखानं वेडी होते की काय, अशी भीती घरच्यांना वाटत होती, हे सांगूनही खरं वाटत नाही.

मीठसुद्धा धुवून घेणारं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावात इंग्रजांनी फाशी दिलं होतं. या घटनेचा धसका मनूच्या वडिलांनी घेतला आणि त्यांचं मन सोवळ्याओवळ्यात अडकलं ते कायमचं. बाजारातून आलेलं मीठ, साखरही धुवून घ्यायची, इथपर्यंत गोष्ट गेली. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली, यावर घरातला दिवस चांगला की वाईट ते ठरायचं.

म्हणजे स्पर्शानं माणूस बाटतो, ही गोष्ट मनू कुठल्या पोथीतून शिकली नव्हती. ती तिच्या अंगात भिनली होती.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा हुशार, कविमनाचा, पण एका जागी न टिकणारा. आज या गावी, उद्या त्या गावी. कधी न सांगताच निघून जायचा. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. तरी त्याचा आपल्या बायकोवर जीव होता आणि तिला लिहावाचायला त्यानंच शिकवलं. संसारात आणखी एक घाव होता. सुरुवातीची मुलं जगली नाहीत. दत्तू तेवढा हाती लागला.

जिवंत नवऱ्याचं सुतक

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा दत्तू तीन-चार वर्षांचा होता आणि लक्ष्मीबाई ऐन सत्ताविशीत.

त्या काळात ब्राह्मण घरातल्या पुरुषानं धर्म सोडला, की तो घराण्याला मेल्यासारखाच असायचा. त्याच्या बायकोची अवस्था तर विचित्रच. नवरा मेलेला नाही, म्हणून ती विधवा नाही. पण नवऱ्यासोबत राहता येत नाही, म्हणून ती सवाष्णही नाही. त्याच्याकडे जावं तर स्वतः बाटणार, माहेर तुटणार. न जावं तर उरलेला जन्म दुसऱ्याच्या दारात काढायचा. शिवाय लोकांची नजर असतेच. काही कीव करणारे, काही टोमणे मारणारे.

अन्न गोड लागेना, झोप लागेना. अंगातली शक्ती गेली आणि रडण्याला अंत राहिला नाही. नातेवाइकांनी त्यांना आणि दत्तूला सांभाळलं. त्या काळातले बरेच दिवस पंढरपुरात गेले. आजचा डॉक्टर याला काय नाव देईल, हे सव्वाशे वर्षांनंतर ठरवण्यात अर्थ नाही. पण आयुष्यातून सगळा रस निघून जाणं म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी भोगलं, एवढं नक्की.

याच दुःखात त्या कविता करू लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं मनातलं ओझं उतरवायला शोधलेली ती वाट होती. भरून आलं की शब्द जुळवायचे. दुःख त्यानं संपलं नाही, पण त्याला बाहेर पडायला जागा मिळाली.

टिळकांनी काय केलं, काय केलं नाही

टिळकांनी बायकोला टाकलं नाही. ते पत्रं पाठवत राहिले, भेटायला येत राहिले. चार-एक वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे जायचं ठरवलं. आधी अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) आणि नंतर राहुरी.

पण त्या गेल्या त्या आपल्या सोवळ्यासकट. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी इथे मोठं शहाणपण दाखवलं. ख्रिस्ती हो, असा तगादा त्यांनी लावला नाही. तिचं सोवळं तिला पाळू दिलं आणि तिला स्वतःच्या वेगानं विचार करू दिला.

टिळकांनी जबरदस्ती केली असती, तर कदाचित ही गोष्ट इथेच संपली असती.

राहुरीतला विचार

बदल झाला तो कुठल्या प्रवचनानं नाही. राहुरीत असताना एकदा लक्ष्मीबाई जातीबद्दल विचार करत बसल्या. विचार अगदी साधा होता. देवानं जाती केल्या असत्या तर त्यानं माणसांच्या शरीरात काहीतरी फरक ठेवला असता. बैल आणि घोडा वेगळे दिसतात, चिमणी आणि कावळा वेगळे दिसतात. मग ब्राह्मण आणि महार एकसारखेच कसे जन्मतात आणि एकसारखेच कसे मरतात? याचा अर्थ ही विभागणी देवाची नाही, माणसाची आहे.

हा निष्कर्ष निघाला आणि मीठ धुवून घेणाऱ्या घरातल्या मुलीनं ठरवलं, की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं.

यात एक बारीक गोष्ट आहे. त्यांची परिस्थिती तीच होती. नवरा ख्रिस्तीच होता, लोकही तेच होते. बदलला तो फक्त एक समज. पण सगळं दुःख त्याच समजेवर उभं होतं. नवरा बाटला, आपण बाटू, मुलगा बाटेल, ही भीती स्पर्शानं माणूस बाटतो या एका गृहीतकातून आली होती. ते खोटं ठरल्यावर भीतीला आधारच उरला नाही.

पुढे १९६० च्या दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी नैराश्यावर एक उपचारपद्धत मांडली. मनात आपोआप येणारे विचार पकडायचे, ते पुराव्यावर तपासायचे आणि टिकले नाहीत तर सोडून द्यायचे, असा त्याचा गाभा. लक्ष्मीबाईंना यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण राहुरीत त्यांनी जे केलं, ते याच्या फार जवळचं होतं.

श्रद्धा नंतर आली

जात सोडली म्हणजे लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या असं नाही. ख्रिस्ताबद्दलची ओढ हळूहळू वाढली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी.

ही श्रद्धा देवघरापुरती राहिली नाही. तो काळ भीषण दुष्काळाचा होता. टिळकांच्या घरात अनाथ मुलं येऊ लागली आणि लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. कालपर्यंत ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांना आज न्हाऊमाखू घालायचं, जेवू घालायचं. पुढे नगरला बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, तेही मुलासारखेच. जी बाई स्वतःच्या दुःखात बुडाली होती, तिच्याकडे आता इतकी माणसं होती की स्वतःकडे बघायला सवडच नव्हती.

दुःखं पुढेही आली. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. या वेळी नवरा खरोखरच गेला होता. पण या वेळी लक्ष्मीबाई कोसळल्या नाहीत. त्यांनी वसतिगृहातल्या मुली सांभाळल्या, मुलासोबत कराचीला जाऊन राहिल्या आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. येशूच्या जीवनावरच्या या काव्याचे टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली.

१९३३ साली नागपुरात ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. चाळीस वर्षांपूर्वी याच नागपुराहून सुटलेल्या गाडीनं त्यांच्या आयुष्याला वळण दिलं होतं. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाईंचं निधन झालं.

यातून आज काय घ्यायचं?

धर्म बदलला की नैराश्य जातं, असा या गोष्टीचा अर्थ काढू नये. नुसता विचार बदल, असं खचलेल्या माणसाला सांगणंही चूक. लक्ष्मीबाईंना सावरायला पाच वर्षं लागली आणि त्या काळात त्या एकट्या नव्हत्या. सांभाळणारे नातेवाईक होते, मन मोकळं करायला कविता होती आणि वाट बघायला तयार असलेला नवरा होता. या आधारावर त्यांनी स्वतःच्या पक्क्या समजुतीला प्रश्न विचारला. श्रद्धेनं त्यांना पुढे जगायला कारण दिलं.

आज या आधारात डॉक्टर आणि समुपदेशकही आहेत. अन्न-झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. लक्ष्मीबाईंच्या काळी अशी सोय नव्हती. आज आहे, तर ती वापरायला संकोच कशाला?