कावसजी नायगमवाला

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो एक प्रचंड तेजोमेघ होय. आमच्या नांदगावच्या माळावरून हिवाळ्यात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण पुण्यात बसून ज्यांनी केले, ते कावसजी दादाभाई नायगमवाला.

त्यांचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच अध्यापक झाले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तितकीच भर घातली आणि १८८८ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील वीस इंच आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

लोलकातून गेलेला प्रकाश रंगांत विभागतो. त्या वर्णपटातील रेषांवरून दूरच्या वस्तूतील द्रव्य ओळखता येते. हेच शास्त्र कावसजींनी निवडले. सूर्यावरील हेलियम ओळखणारे लॉक्यर हे त्यांचे मार्गदर्शक. मृगातील तेजोमेघाची मुख्य रेषा मॅग्नेशियममुळे उमटते व ती एका बाजूस पुसट असते, असे लॉक्यर यांचे मत होते. कावसजींना मात्र ती नेहमीच रेखीव आणि बारीक दिसली. गुरूच्या विरुद्ध जाणारा तो निष्कर्ष त्यांनी निर्भयपणे प्रसिद्ध केला. पुढे लॉक्यर यांचे मत चुकीचेच ठरले.

२२ जानेवारी १८९८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी ते विद्यार्थ्यांसह सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तयारी मात्र फार मोठी.

१९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. एका माणसाच्या पाठोपाठ सारी संस्थाच मिटावी, हे मनाला लागते. दुर्बीण कोडाईकनालला गेली व तेथे कित्येक वर्षे पडून राहिली. १९३८ साली कावसजी निवर्तले.

आपल्या आकाशगंगेपलीकडे इतर दीर्घिका आहेत, हे १९१२ साली निश्चित ठाऊक नव्हते. काही दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून द्रव्याचे झोत सुटतात. असा झोत आपल्या रोखाने असला, तर ती दीर्घिका काही दिवसांतच अनेक पटींनी उजळू शकते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतील हे उजळणे अबूच्या गुरुशिखरावरील दुर्बिणीने टिपले आहे. तिचा आरसा १·२ मीटरचा, म्हणजे पुण्याच्या आरशाच्या दुपटीहून मोठा आहे.