अंडी खरी, आई चुकीची

रॉय चॅपमन अँड्र्यूज यांचा जन्म १८८४ मध्ये अमेरिकेतील बेलॉइट या गावी झाला. मेलेल्या पशुपक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याची कला त्यांनी लहानपणी स्वतःच शिकून घेतली. १९०६ मध्ये पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात गेले, तर जागा शिल्लक नव्हती. फरशी पुसायचीही तयारी दाखवली, तेव्हा कुठे काम मिळाले. पुढे याच संग्रहालयाचे ते संचालक झाले.

माणसाचा उगम मध्य आशियात झाला, असे संग्रहालयाचे अध्यक्ष ऑस्बर्न यांचे मत होते. पुरावा शोधण्यासाठी अँड्र्यूज १९२२ मध्ये मोटारींचा ताफा घेऊन गोबी वाळवंटात उतरले. पेट्रोल उंटांवरून यायचे. माणसाचे पूर्वज काही सापडले नाहीत. मात्र १३ जुलै १९२३ रोजी मंगोलियातील तांबड्या कड्यांपाशी सहकारी जॉर्ज ओल्सन यांना वीतभर लांबीची दगडी अंडी दिसली. सोबत्यांनी आधी त्यांची थट्टाच केली. अंडी डायनासोरची निघाली.

फ्रान्समध्ये पुएश या धर्मगुरूंना १८५९ मध्येच अशा कवचाचे तुकडे मिळाले होते. पण ते प्रचंड पक्ष्याचे असावेत, असे त्यांना वाटले. त्यामुळे जगभर नाव झाले ते अँड्र्यूज यांचे. मोहिमेसाठी निधी हवा म्हणून एक अंडे लिलावात ५,००० डॉलरला विकले गेले. हा सौदा महागात पडला. परदेशी लोक खजिना लुटून नेत आहेत, असा संशय चीन आणि मंगोलियात बळावला. अँड्र्यूज यांना लिलावाचा पुढे पश्चात्ताप झाला. १९३० नंतर मोहीम बंदच पडली.

मूळ घोटाळा मात्र निदानाचा होता. त्या परिसरात प्रोटोसेराटॉप्स या डायनासोरचे सांगाडे भरपूर होते, म्हणून अंडी त्याचीच ठरली. एका घरट्यावर वेगळाच सांगाडा मिळाला. तो अंडी चोरायला आला असणार, असे समजून ऑस्बर्न यांनी १९२४ मध्ये त्याला ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असे नाव दिले. हे नाव दिशाभूल करणारे ठरू शकते, ही शंका त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली होती, हे विशेष.

शेजारी कोण सापडले यावरून अंड्याची आई ठरवणे धोक्याचे असते. म्हणून आज अंड्यांचे वर्गीकरण प्राण्यांपासून वेगळे ठेवतात. १९७५ मध्ये चीनमधील झाओ झिकुई यांनी ही पद्धत मांडली. अंड्याचा आकार, कवचाची जाडी, पृष्ठभागावरची नक्षी आणि हवेची छिद्रे पाहतात. मग बायोप्सीच्या तुकड्याचा काढतात तसा कवचाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांची रचना तपासतात. त्यावरून अंड्याला स्वतःची प्रजाती आणि जात मिळते. नावाच्या शेवटी दगडी अंडे या अर्थाचा ‘ऊलिथस’ हा शब्द येतो. लांबट अंड्यांच्या एका प्रजातीचे नाव इलाँगाटूलिथस. आई कोण, ते कवचाच्या आत गर्भ मिळाला तर खात्रीने सांगता येते.

तसा गर्भ १९९३ मध्ये गोबीतच मिळाला. अंडे अँड्र्यूज यांना सापडलेल्या अंड्यांसारखेच होते आणि आतला गर्भ ओव्हिरॅप्टरच्या कुळातला! १९९५ मध्ये त्याच कुळातला, अंड्यांवर बसलेल्या स्थितीत गाडला गेलेला सांगाडा प्रसिद्ध झाला. चोर म्हणून बदनाम झालेला तो प्राणी बहुधा अंडी राखत बसला होता. प्रोटोसेराटॉप्सच्या अंड्यांचे कवच तर मऊ होते, हे २०२० मध्ये समजले.

अँड्र्यूज यांचे निधन ११ मार्च १९६० रोजी झाले. ओव्हिरॅप्टरचे नाव आजही तेच आहे. नामकरणाच्या नियमांनुसार ते बदलता येत नाही.