डॉ. वसंत खानोलकर आणि कमरेवरची न भरणारी जखम

तुमच्या घरात आई किंवा आजी रोज साडी नेसत असेल, तर परकराच्या नाड्याने तिच्या कमरेवर पडलेला काळसर पट्टा तुम्ही पाहिला असेल. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. पण त्या जागी क्वचित कर्करोग होऊ शकतो. याचे मूळ निरीक्षण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या कामात सापडते.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबईत विकृतिशास्त्र शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहताना रुग्ण काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याचाही ते विचार करीत. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही तो आढळला. खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा कर्करोग कसा होतो?
वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने त्वचा घासली जाते, घाम साचतो, जखम होते, भरते, पुन्हा होते. अशा जुनाट जखमेत कधीतरी स्क्वॅमस सेल कर्करोग सुरू होतो.

तो पसरतो का?
त्वचेचे नेहमी आढळणारे कर्करोग बहुधा जागेवरच राहतात. बेसल सेल प्रकार तर फारच क्वचित पसरतो. स्क्वॅमस सेल प्रकारही सहसा पसरत नाही, पण जुन्या जखमेत किंवा व्रणात झालेला असेल तर धोका वाढतो. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी लुगडे नेसणाऱ्या एकीचा कर्करोग जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचला होता. कमरेच्या वरच्या भागातील लसिका काखेकडे वाहते आणि खालच्या भागातील जांघेकडे. म्हणून डॉक्टर दोन्ही ठिकाणी गाठी चाचपून पाहतात.

तुम्ही काय करावे?
नाड्याऐवजी रुंद पट्टा वापरा, तो सैल बांधा, बांधण्याची जागा अधूनमधून बदला. काळसर डाग दिसला म्हणून घाबरू नका. मात्र चार आठवड्यांत न भरणारी जखम, कडक कडा, रक्त, दुर्गंधी किंवा जांघेत अथवा काखेत गाठ असेल, तर मलमांवर वेळ घालवू नका. विलेपार्ल्यात राहत असाल तर कूपर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येईल. निदान बायोप्सीनेच होते. लवकर कळले तर शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. अनेक आज्या ही जागा संकोचामुळे दाखवत नाहीत, म्हणून तुम्ही आपणहून विचारा.