महमूद गावान : विद्येचे घर उभारणारा वजीर

कोकण किनाऱ्यावरील चौल आणि दाभोळ ही बंदरे पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी राज्याची सागरी प्रवेशद्वारे होती. अरबस्तान आणि इराणातून येणारे घोडे या बंदरांत उतरत आणि घाट चढून बिदरला जात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास आजच्या रायगड जिल्ह्यातील चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. निकितिनने बिदरमधील ज्या बलाढ्य सरदाराचे वर्णन मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, या पदवीने केले आहे, तो महमूद गावान. बहामनी राज्याचा हा वजीर बिदरच्या भव्य मदरशामुळे आजही स्मरणात आहे.

गावानचा जन्म १४११ च्या सुमारास इराणमधील गिलान प्रांतात झाला. दरबारी कारस्थानांमुळे त्याला मायदेश सोडावा लागला आणि त्याने व्यापार पत्करला. १४५३ मध्ये तो दाभोळ बंदरात उतरला. सौदागर म्हणून बिदरला आलेल्या या विद्वान गृहस्थाला सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने दरबारात ठेवून घेतले. पुढे हुमायूनशहाच्या कारकिर्दीत त्याचे महत्त्व वाढले. हुमायूनच्या मृत्यूनंतर गादीवर अल्पवयीन सुलतान आले. त्या काळात राजमाता नर्गिस बेगमसोबत राज्य सांभाळणाऱ्यांत तो होता. १४६६ पासून तो मुख्य वजीर झाला.

कोकणशी असलेला त्याचा संबंध केवळ आगमनापुरता राहिला नाही. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राजांची जहाजे व्यापारी गलबते लुटत. यापूर्वी याच मुलखातील जंगलात बहामनी फौजेची कत्तल झाली होती. १४६९ च्या सुमारास गावानने स्वतः मोहीम हाती घेतली. बळासोबत द्रव्याचाही वापर करून त्याने खेळणा मिळविला आणि १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. घोड्यांच्या व्यापाराचे मोल जाणणाऱ्या सौदागराने आखलेली ही मोहीम होती.

त्याच वर्षी बिदरमधील मदरसा पूर्ण झाला. बिदरचा किल्ला आणि चौबारा यांच्या दरम्यान उभी असलेली ही तीन मजली इमारत सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद आहे. मध्यभागी प्रशस्त चौक, भोवती व्याख्यानाची दालने, मशीद, ग्रंथालय, शिक्षकांची निवासस्थाने आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या अशी तिची रचना होती. समरकंद आणि खुरासानातील मदरशांच्या धर्तीवर दर्शनी भाग निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांच्या चकचकीत फरशांनी मढविला होता. ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाते. गावान स्वतः फारसीचा नामांकित लेखक होता. हेरातचा कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाझ-उल-इन्शा’ या नावाने प्रसिद्ध आहे.

मदरशाइतकीच महत्त्वाची त्याची दुसरी रचना राज्यकारभाराची होती. त्याने चार सुभ्यांचे आठ सुभे केले, जमिनीची मोजणी करविली आणि सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या अखत्यारीत आणले. सरदारांची मनमानी यामुळे आवळली गेली. दरबारात दख्खनी आणि परदेशी अमीर असे दोन तट होते. दोघांनाही पदे देऊन गावानने समतोल साधला खरा, पण दुखावलेले सरदार स्वस्थ बसले नाहीत.

त्यांनी गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळविला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे बनावट पत्र लिहिले. मद्याच्या अमलात असलेल्या मुहम्मदशहाने चौकशी न करता वजिराच्या शिरच्छेदाचा हुकूम दिला. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्ली येथील छावणीत सत्तरीतील गावान मारला गेला. नंतर त्याच्या खासगी खजिन्यात मोठी संपत्ती सापडली नाही. निरपराध माणसाचा बळी घेतल्याचे कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षभरात तोही मरण पावला.

सुभेदारांना वेसण घालणारा हात नाहीसा झाला आणि काही दशकांत बहामनी राज्याची पाच शकले झाली. गावानविरोधी तटाचा म्होरक्या मलिक हसन याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापन केली. चौल बंदर तिच्याच वाट्याला गेले.

मदरशाचेही दुर्दैव टळले नाही. औरंगजेबाने १६५७ मध्ये बिदर घेतल्यानंतर तेथे सैनिकांचा तळ आणि दारूगोळ्याचे कोठार झाले. १६९६ मध्ये झालेल्या स्फोटात प्रवेशद्वारासह दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला. उरलेला सुमारे १३१ फुटी मिनार आणि त्याच्यालगतच्या भिंतीवरील फरशा आजही उभ्या आहेत. बिदर १९५६ पासून कर्नाटकात आहे. कोकणच्या वाटेने आलेल्या या वजिराची कबर शहराबाहेर साधीच आहे; त्याचे खरे स्मारक मात्र हा अर्धा उरलेला मदरसाच होय.