सुटका झाली, पुढे काय?

मैत्रिणींनो, सासरचा छळ सोसून आलेली बाई आमच्या पिंपरीच्या बचत गटात पहिल्यांदा विचारते, “ताई, काही काम मिळेल का?” तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात.

१८५८ सालचा त्यांचा जन्म. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. १८८२ मध्ये पती वारले, पदरात लहानगी मनोरमा. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. गुलामगिरीवरून तिथे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं होतं. गुलाम कायद्यानं सुटले, पण बहुतेकांच्या हाती ना जमीन होती, ना शिक्षण. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांना रमाबाई भेटल्या. तिथल्या स्त्रियांच्या संस्थाही त्यांनी पाहिल्या आणि १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं.

त्याच वर्षी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं. पुढे १८९६ च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना त्यांनी दौंडजवळच्या केडगावात आसरा दिला. ख्रिस्ती झाल्या म्हणून टीका खूप झाली. पण तिथे मुली लिहायला-वाचायला, विणकाम, छपाई, शेती शिकल्या. १९२२ साली रमाबाई गेल्या.

दार उघडून देणं सोपं नाहीच. पण बाहेर पडलेलीच्या हाताला काम देणं, हे त्याहून मोठं. आपल्या गल्लीतली अशी एखादी आठवते का बघा!